पुढच्या दाराचं दान

बाईजाआत्या माझ्या बापाची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, पण तिनं कुणापुढं मान झुकवली नाही. डोळखांबच्या वरच्या अंगाला आमचं गाव; तिथली बापे माणसंही तिच्या तोंडी लागायला कचरत. मला ती फार आवडायची, हे आधीच सांगून टाकते.

तिची पोरं जगत नव्हती. गावदेवीला कोंबडं देऊन झालं, भगताचा अंगारा लावून झाला. शेवटी ती चिंचेखालच्या पिराला गेली. तिथली दिवाबत्ती खतीजाबी करायची. लुगडं आमच्यासारखं, बोलणं आमच्यासारखं, आणि गावदेवीला नारळ दिल्याशिवाय तिच्या खाचरात लावणी होत नसे. आत्यानं पिराला नवस केला, पोर जगलं तर लग्न होईपर्यंत दर मोहरमला त्याला फकीर करीन. बारकू झाला आणि जगला. मोहरम आला की खतीजाबी त्याच्या गळ्यात पिराच्या नावाचा नाडा बांधायची, मग तो हिरवी झोळी घेऊन गावात पाच घरी तांदूळ मागायचा. लग्नाआधीच्या शेवटच्या मोहरमला त्या पाच घरच्या तांदळाच्या भाकरी गुळात कुस्करून मलिदा पिरापुढे ठेवायचा आणि नवस फेडायचा. तो फिटल्याशिवाय अंगाला हळद लावायची नाही.

यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मोहरमचा डोला नदीवर न्यायला निम्मे खांदे आम्हा कुणब्यांचेच असत.

सेहेचाळीस सालच्या मोहरमला गावातली भातं नुकतीच झोडून झाली होती आणि बारकूचं लग्न माघात ठरलं होतं. तेव्हाच सकुबाईचा कमळाकर मुरबाडहून आला. तिकडे दुकान घालून तो शहाणा झाला होता. त्यानं देवळापुढे गाव गोळा केला आणि बजावलं, यंदा पिराच्या झोळीत जो दाणा घालील त्याला वाळीत टाकू. त्याच आठवड्यात बाहेरगावचा एक मौलवी खतीजाबीला सांगून गेला, की हिंदूच्या गळ्यात नाडा बांधणं धर्मात बसत नाही. हे दोघे एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, पण बोलले अगदी एकच! खतीजाबी मौलवीला म्हणाली, "बारकूची नाळ मी कापली. तवा तुमी कुठं व्हतात?" आणि तिनं ठरल्या दिवशी नाडा बांधला.

आत्या बारकूला घेऊन भरदिवसा निघाली. पहिल्या घराचं दार बंद, दुसऱ्याचंही बंद. तिसरं घर आमचं. बाप ओटीवर बसून राहिला, सख्ख्या बहिणीकडे त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. मला त्याची चीड आली, ती अजून गेलेली नाही. आई मागच्या दारानं ओंजळभर तांदूळ घेऊन गुपचूप गेली.

"चोरून नको वयनी," आत्या मोठ्यानं म्हणाली, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. "मी काय चोरी करायला आलीय? द्यायचं तं पुढच्या दारानं दे."

आई रडत तांदूळ घेऊन परत आली. झोळी रिकामीच होती. बारकू म्हणाला, "आये, चल घरी." आत्या घराकडे वळली नाही, थेट कमळाकरच्या अंगणात जाऊन उभी राहिली. मी मागोमाग होतेच.

"फकीरा!" तिनं हाक मारली. "फकीरा, दाणा घाल रे!"

कमळाकर तणतणत बाहेर आला. "फकीरा कोणाला म्हणतेस गो? माझं नाव कमळाकर हाय!"

"ते मुरबाडचं. बारशाला तुझ्या आयशीनं ठेवलेलं फकीराच. गावाला ठाव हाय."

तेवढ्यात सकुबाई सुपात तांदूळ घेऊन बाहेर आली. कमळाकर आडवा झाला. "आये, तू आत जा."

"सर बाजूला," म्हातारी म्हणाली. "तुझ्या आधीची चार माझ्या मांडीवर गेली. तुला मी त्याच चिंचेखाली मागून घेतलाय, म्हणून फकीरा. तू मुरबाडला परस्पर लगीन केलास, तुझा नवस माझ्याकडून फिटलाच नाय. अजून तू पिराचाच फकीर हायेस रे. वाळीत टाकतोस? पयली मला टाक."

तिनं सूप बारकूच्या झोळीत ओतलं. मग पदराचा सोगा पुढं धरून आत्याला म्हणाली, "चल गो. तुझ्या पोराचं फेडू, माझ्याबी पोराचं फेडू."

त्या दोघी बारकूला मध्ये घेऊन पुन्हा पहिल्या घरापासून निघाल्या. कमळाकर अंगणात उभा होता. त्याची स्वतःची आई दारोदार पदर पसरत होती. पहिलं दार उघडलं, मग दुसरं. आमच्या दारी आल्या तेव्हा बापानं तोंड उघडलं, पण आई त्याला ओलांडून ओटीवर आली. या वेळी तिच्या हातात ओंजळ नव्हती, पायली होती. पुढच्या दारात, सगळ्यांदेखत, तिनं ती झोळीत रिकामी केली. सकुबाईच्या पदरात वेगळी मूठ घातली. पाचवं दार त्या पोचायच्या आधीच उघडं होतं.

संध्याकाळी दोन्ही नवसांचा मलिदा पिरापुढे ठेवून झाला आणि खतीजाबीनं बारकूच्या गळ्यातला नाडा उतरवला. सकुबाईनं मलिद्याचा एक मुटका पानात बांधून घेतला.

"कोणाला गो?" आत्यानं विचारलं.

"माझ्या फकीराला," ती म्हणाली. "खाईल. नाय खाल्लान तं उद्या परत मागायला निघीन."