साडूंची थर्ड पार्टी

दारव्ह्याच्या माझ्या साडूंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्यांचा विषय निघाला की सासुरवाडीची मंडळी अजून हसतात, आणि मीही त्यात सामील होतो. खरं तर तो हक्क सगळ्यांत कमी माझाच. पण आधी माणूस सांगतो. उभ्या यवतमाळ जिल्ह्यात गाडीचा विमा मनापासून समजलेला माणूस एकच झाला, तो म्हणजे माझे साडू.

बाकीचे विमा काढतात तो चौकात पोलीस अडवतो म्हणून. साडूंनी विम्याच्या कचेरीत जाऊन विचारलं, "फस्ट पार्टी मी, सेकंड पार्टी तुमची कंपनी. मंग हे थर्ड पार्टी कोन?" तिथला बाबू कंटाळून म्हणाला, "रस्त्यावरचा कोणीही, काका." झालं! त्या दिवसापासून रस्त्यावरचा प्रत्येक माणूस साडूंचा नातेवाईक झाला. बकऱ्या आडव्या आल्या की ते आपली जुनी पांढरी मोटार थांबवत, काच खाली करत आणि बकऱ्यावाल्याला सांगत, "आरामात जा बावा, तू माही थर्ड पार्टी होय!" तो बिचारा खुशीत विचारी, "कुठी हाय पार्टी? मटन हाय का?"

"या विम्यात तुमच्या गाडीला काय मिळतं?" मी एकदा विचारलं.

"काईच नाई," ते अभिमानाने म्हणाले. "आपल्या हातून दुसऱ्याचं वाटोळं झालं, तं त्याले भरून देनारा कोनी पायजे, एवढंच सरकार म्हनते. लय सभ्य कायदा हाय, साडूभाऊ."

गाडी कोणाला देण्याआधी ते लायसन उजेडात धरून तारीख वाचत. माझं लायसन तेव्हा संपलेलं होतं.

म्हणूनच राळेगावला मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात मठ्ठ्याचा बर्फ कमी पडला तेव्हा मी त्यांना विचारलं नाही. खुंटीवरच्या त्यांच्या कोटातून किल्ली काढली, बर्फ आणला, गाडी होती तिथेच उतारावर लावली, किल्ली परत कोटात टाकली आणि अक्षता घेऊन मांडवात उभा राहिलो. हॅण्डब्रेक तेवढा राहिला. भटजींचं "सावधान" आणि मागचा धडाम् आवाज एकदमच झाला. गाडी घरंगळत जाऊन वांग्याच्या भाजीच्या कढईत बसली होती. आचारी मीठ मागायला गेला होता, म्हणून वाचला.

साडू धावत आले. "माहाच बिरेक राह्यला!" म्हणाले, आणि आचाऱ्यापुढे हात जोडले, "घाबरू नका महाराज, तुमी माही थर्ड पार्टी!"

"पार्टी गेली चुलीत! वऱ्हाडाले भाजी कोन देईन?" आचारी ओरडला.

अख्खा मांडव हसला. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात लायसन आठवलं, भोवतीची सासुरवाडी दिसली, आणि उघडलेल्या तोंडाने मीही हसलो.

साडूंनी त्यानंतर स्टेअरिंगला हात लावला नाही. "ज्याले आपला बिरेक आठवत नाई, त्याच्यापासून थर्ड पार्टीले वाचवाले पायजे," म्हणत किल्ली मुलाला देऊन टाकली. स्वतःवरचा विश्वास असा काही उडाला, की उभ्या सायकलच्या चाकामागेही ते दगड लावू लागले. एकदा एसटीच्याही लावला. ड्रायव्हरने दारव्हा स्टँड डोक्यावर घेतलं.

शेवटी आज सांगायचंच, असं ठरवून मी दारव्ह्याला गेलो. चहा झाला. "साडूभाऊ, त्या लग्नातली ती गाडी..." मी सुरुवात केली.

"कोनाले लागलं नाई, हे देवानंच पाह्यलं," ते म्हणाले. "मले तं अजून सपनात थो आचारी दिसते." हे ते हसत म्हणाले नाहीत. माझा चहा संपलेला होता, तरी मी कप तोंडाला लावला.

निघताना गाडीत बसता बसता पाहिलं, तर माझ्याही चाकामागे दगड. मी खाली उतरू लागलो तसे ते म्हणाले, "बसा, मी काढतो." गुडघा दाबत वाकले, दगड काढला, काचेपाशी आले. "सावकाश जा. तुमीबी माही थर्ड पार्टीच होय ना आता."

ती आमची शेवटची भेट. काच खालीच होती, ते हातभर अंतरावर होते, आणि म्हणायचं एवढंच होतं, की साडूभाऊ, तो ब्रेक माझा राहिला होता, मला माफ करा. मी "येतो" म्हणालो.