भरल्या खांद्यांची गिटार

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. बायकोसमोर नाही, थोरल्या भावासमोर नाही. देवळात हात जोडले तेव्हाही मी हे तेवढं वगळून बाकीचं बोललो. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुमच्याशी मला कसलाही सौदा करायचा नाही.

सौदा हा माझा धंदा. पौडला माझी लाकडाची वखार आहे. बापानं ठेवलेली नाही — डोक्यावरून मोळ्या वाहून मी उभी केली. घासाघिशीत मला हरवणारा माणूस अख्ख्या मुळशीत सापडायचा नाही. माझं डोकंही लगेच तापतं, हे कुणीही सांगेल. पण तापल्या डोक्यानं जे केलं ते मी कधी लपवलं नाही. हे थंड डोक्यानं केलेलं आहे.

कोळवणला सोनबा सुतार होता. वयानं मोठा, म्हणून मी त्याला तात्या म्हणायचो. आमच्याकडे घराचं लाकूड घ्यायचं तर गिऱ्हाईक आपला सुतार बरोबर आणतं. तो लाकूड वाजवून हो म्हणाला की सौदा ठरतो. घोटावड्याचे दोघे भाऊ एकदा वासे घ्यायला आले आणि तात्याला घेऊन आले. त्यानं एक वासा उचलला, बोटाच्या पेरानं ठोकला, कान लावला आणि दहा माणसांत म्हणाला, "किसनाचं लाकूड किसनावानीच हाय. वरनं सरळ, आतनं पीळ."

लोक हसले. सौदा मोडला, त्याचं एवढं नाही. पण ते वाक्य गावोगाव गेलं. बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एसटीत — कुणीतरी म्हणायचंच. माझ्या सासुरवाडीतसुद्धा म्हणाले. वाशात पीळ होता का? होता. मला माहीत होता. म्हणून तर लागलं. आज हे लिहितानाही कानशिलं तापली आहेत.

पुढे चार वर्षं मी त्याच्याशी गोड बोललो.

मग ते गिटारीचं निघालं. पुण्याच्या लष्कर भागात पीटर मास्तर म्हणून एक वाद्यं शिकवणारे होते. ते पोरांना घेऊन धरणाच्या पाण्यावर सहलीला आले आणि येताना एसटीत कुणीतरी त्यांच्या गिटारीवर बसलं. फळी चिरली. लोकांनी त्यांना तात्याकडे धाडलं. तात्यानं जन्मात गिटार पाहिली नव्हती. त्यानं ती उघडली, आत डोकावला — आणि माणूस बदललाच. दुरुस्ती करता करता त्यानं सगळी मापं एका फळकुटावर उतरून घेतली, आणि मास्तर गेल्यावर स्वतःची एक करायला घेतली.

सहा महिने लागले. वरची फळी देवदाराची. धरणावर यंत्रांची खोकी आली होती, त्यांतून मीच त्याला विकलेली. कडा शिसवीच्या, ओल्या करून तापल्या नळीवर हळूहळू वाकवलेल्या. दांडीच्या दोन्ही अंगांचे खांदे भरलेले, गोल. काम सुंदर होतं. ते मला दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच बघवत नव्हतं.

माझा ट्रक दर आठवड्याला पुण्याला जायचा. तात्यानं ती गिटार गोधडीत गुंडाळून माझ्या हातात दिली. मास्तरांना दाखव म्हणाला, चूक असेल तर चूक सांगायला सांग. मास्तर हो म्हणाले तर नांगर आणि गाडीची चाकं सोडून उरलेलं आयुष्य हेच करणार, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. बायकोलाही सांगून ठेवलं होतं. आणि माझ्याचकडे का दिली? कारण ते वाशाचं बोलणं तो विसरून गेला होता. साफ विसरला होता! याचा मला जेवढा राग आला तेवढा त्या दिवशी वखारीतही आला नव्हता.

मास्तरांच्या खोलीत तीन-चार पोरं बसली होती. त्यांच्यात वाद पेटला. हल्ली मुंबईहून खांदा कापलेल्या गिटारी येतात — दांडीच्या खालच्या अंगाला खाच असते, त्यामुळे हात शेवटच्या, उंच सुरांच्या पडद्यांपर्यंत पोचतो. पोरांना तीच हवी. एकजण तात्याच्या गिटारीला म्हणाला, ही तर आजीबाई आहे. मास्तरांनी तिला आपल्या तारा लावून दोन्ही वाजवून दाखवल्या. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण फरक कळला. कापलेलीचा आवाज नाकातून येत होता. तात्याचीचा पोटातून.

मास्तर मला म्हणाले, "पोरांना शेवटच्या दोन पडद्यांची हौस. त्यासाठी सगळा आवाज कशाला कापायचा? ही अश्शीच राहू दे. अजून चार कर म्हणावं." वार्निशचा शेवटचा हात द्यायचा राहिला होता, तेवढा देऊन आण म्हणाले. तात्यासाठी तारांचा एक जुडगाही दिला. खाचेची गिटार कशी करतात तेही मी विचारून घेतलं. खाच नंतर कापत नाहीत. कड वाकवतानाच आत वळवायची असते. का विचारलं मी हे? तेव्हाच मनात आलं होतं का? होय. तेव्हाच.

कोळवणला येऊन मी तात्याला सांगितलं की मास्तरांना काम आवडलं, पण खांदा चुकला. पोरं आजीबाई म्हणून हसली. — आवडणं आणि हे हसणं, एवढंच त्यातलं खरं. अंगणात कोळशानं मी त्याला खाच काढून दाखवली. त्यानं त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, नवीन करतो, दोन महिने दे. मी म्हणालो, दोन महिने कोण थांबतं? बुधवारपर्यंत दिली तर घेतील, नाहीतर मुंबईची घेणार आहेत. गिऱ्हाइकाला घाई लावायची कशी, हे मला कुणी शिकवायला नको.

आणि तो फसला, कारण गावचा सुतार नवं क्वचितच करतो. नांगर मोडला तर कापून तुकडा जोडायचा, चाक गेलं तर आरा बदलायचा — जन्मभर त्यानं तेच केलेलं. आहे ते कापून जोडायचं, हे त्याला परकं वाटलंच नाही.

"धर घट्ट," तो म्हणाला.

मी धरली. दोन्ही हातांनी, पोटाशी. त्यानं करवतीला मेण लावलं आणि कापायला सुरुवात केली. पहिल्या ओढीला आतून एक आवाज आला, तारा नसतानाही. तो थांबला. माझ्याकडे बघितलं. त्या वेळी एक शब्द बोललो असतो तर? पण मी म्हणालो, "ओढ तात्या, बराबर चाललंय."

खाच पडली. तिच्यावर बसवायला त्यानं शिसवीची पट्टी वाकवली. ती दोनदा मोडली. तिसरी सरसानं चिकटवली, दोऱ्यानं आवळली. सकाळी दोरा सोडला तेव्हा सांधा उघडला होता आणि देवदाराची फळी खांद्यापासून मधल्या भोकापर्यंत फाटली होती. तो दोरा गुंडाळायला लागला. मी म्हणालो, जाऊ दे तात्या, हे नाजूक काम हाय, आपलं न्हवं.

मास्तरांना जाऊन सांगितलं की म्हाताऱ्याच्या हाताला कंप सुटला, आता काम होत नाही. त्यांनी हळहळून परत काही विचारलं नाही. तारांचा जुडगा मी तात्याला दिलाच नाही. त्यातल्या जाड तारेवर वखारीतला कंदील टांगलेला असतो.

तात्यानं मापांचं फळकूट चुलीत घातलं. पुन्हा नांगर, पुन्हा चाकं. गिटारीचं नाव त्यानं काढलं नाही, गावानं काढलं. सोनबाची आजीबाई — हे नाव कुणी पसरवलं असेल, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

गेल्या माघात तो आजारी पडला. मला निरोप आला. मी गेलो. तो पार वाळला होता, पण डोळे साफ होते. बायकोला त्यानं बाहेर जायला सांगितलं. मला वाटलं, कळलं याला. मी दाराकडे बघून ठेवलं.

त्यानं विचारलं, "किसना, खरं सांग. त्या खांद्याला माझं कुटं चुकलं?"

मी त्याच्या अंथरुणाशी बसलो. बोटानं हवेत खांदा काढला, खाच काढली. पट्टी वाकवताना तुझी घाई झाली म्हणालो, सरसही पातळ होता. आणि मुळात पहिल्यांदाच भरला खांदा करायला नको होता, तिथंच चुकलं. सगळं नीट समजावून सांगितलं.

तो ऐकत होता. मग मान हलवून म्हणाला, "व्हय. बराबर हाय तुजं."

तिसऱ्या दिवशी तो गेला. मला आठवतं ते एवढंच, की त्या भेटीनंतर त्याच्या घरून पौडला चालत येताना मला भूक लागली होती, आणि बऱ्याच वर्षांनी मी पोटभर जेवलो.