टाकीतल्या माशांचा वाटा

घरात मासे पाळायची कल्पना माझी, आणि तिला पहिल्या दिवसापासून कुणाचाच पाठिंबा नव्हता. आईला तर हसू आवरेना. तिचा सगळा जन्म बाजारात मासळी विकण्यात गेलेला, समुद्र घरापासून पन्नास पावलांवर, आणि आपली लेक परसात टाकी ठेवून तिच्यात मासे वाढवणार म्हणते, म्हणजे सरकारी नोकरीने हिचं डोकं फिरलं, असं तिचं मत पडलं. शेजाऱ्यांनीही यथेच्छ करमणूक करून घेतली. हसले नाहीत ते फक्त वडील. ते तेव्हा कशालाच हसत नव्हते.

२००५ च्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला, काठी टेकत चालता येऊ लागलं, पण उजवा हात लुळा पडला तो पडलाच. वडील रापणीतले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडत जायचं आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून पंचवीस-तीस माणसांनी वाळूत पाय रोवून ओढायचं. मासळी वर आली की तिथेच वाळूवर वाटे पडतात. ज्याने दोर धरला, त्याला वाटा. वडिलांनी चाळीस वर्षं दोर धरला होता, म्हणून रापणीतल्या माणसांनी न बोलताच ठरवलं की यांचा वाटा चालू ठेवायचा. मोसम सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी बांगडे घरी आले. वडिलांनी ते आल्या पावली परत पाठवले.

“मी दोराक हात लावूक नाय,” ते म्हणाले. “माझो वाटो खंयचो?”

मग आई बाजारातून सौंदाळे घेऊन आली. तेही चालले नाहीत. विकत घेतलेला मासा या घरात कधी शिजला नाही आणि आपण जिवंत असेपर्यंत शिजणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. त्या दिवसापासून त्यांचं जेवण म्हणजे पेज आणि आंब्याचं लोणचं. ज्या माणसाने श्रावणही कुरकुरत पाळला, तो आपणहून बारमाही शाकाहारी झाला. दिवाळीपर्यंत सदरा त्यांच्या अंगावर नुसता लोंबायला लागला. डॉक्टर म्हणायचे, चांगलं खा आणि रोज थोडं चाला. ते दोन्ही करत नव्हते. ओटीवर रस्त्याकडे तोंड करून, समुद्राकडे पाठ करून बसायचे. हा माणूस असाच बसल्या बसल्या जाणार, अशी मला भीती वाटायला लागली होती.

मी ओरोसला एका कचेरीत कारकून होते. तिथल्या एका साहेबांनी इंटरनेटवरून काही कागद छापून आणले होते आणि ते टेबलाटेबलावरून फिरत होते. वर शब्द होता ॲक्वापोनिक्स. तो उच्चारायलाच मला दोन दिवस लागले, पण आतला मामला सरळ होता. खाली टाकीत मासे, वर खडीच्या वाफ्यात भाजी. माशांचं घाण पाणी पंपाने वर चढवायचं, भाजीची मुळं त्यातली घाण खातात, आणि निवळलेलं पाणी परत खाली माशांवर पडतं. मी ते वाचलं आणि भाजी बाजूलाच राहिली, माझ्या डोक्यात दुसरंच आलं. हे मासे विकतचे नसतील आणि कुणी दयेने पाठवलेलेही नसतील. घरचे असतील. ते वडील खातील.

कणकवलीच्या पुढे एकाचं शेततळं होतं. त्याच्याकडून तिलापीची चाळीस पिल्लं आणली, प्लास्टिकच्या फुगवलेल्या पिशवीत, एसटीत मांडीवर घेऊन. यांचं अर्धं तिकीट फाडू का, असं कंडक्टरने विचारलं. परसात काळी टाकी, तिच्यावर आडवं कापलेलं निळं पिंप, पिंपात खडी, खडीत लाल माठ, मुळा आणि चार मिरच्या. विहिरीचं पाणी भरलं, पंप लावला, आणि पाण्याची धार वरून टाकीत पडायला लागली. वडील एकदा काठी टेकत आले, वाकून पाहिलं, बोट बुडवून चाखलं आणि परत गेले. मला तेवढ्यानेही हुरूप आला.

डिसेंबरात माठ असा काही फोफावला की आईसुद्धा गुपचूप दोनदा खुडून घेऊन गेली. आणि जानेवारीत तो अचानक गळाठला. आधी पानांच्या कडा करपल्या, मग मिरच्यांनी माना टाकल्या. मी कागद पुन्हा वाचले, खडी धुतली, पंप उघडून साफ केला. मासे मात्र ठणठणीत. एका सकाळी चिडून वाफ्यातलं पाणी जिभेवर घेतलं, तर खारट. विहिरीचं पाणी खारं झालं म्हणून मी विहिरीला शिव्या घातल्या. तिचं पाणी चाखलं, तर गोड.

उलगडा झाला तो रजेच्या दिवशी. मी घरात आहे हे वडिलांच्या ध्यानात नव्हतं. ते किनाऱ्याकडून येत होते, डाव्या हातात तांब्या धरून, एकेक पाऊल जपून टाकत. तांब्यात समुद्राचं पाणी. टाकीपाशी आले आणि देवावर अभिषेक करावा तसं ते सावकाश आत ओतलं. मी ऑफिसला गेल्यावर हे रोज चालत असणार.

मी विचारलं, हे काय चाललंय?

“अळणी पाण्यात मासो कसो जगतलो?” ते म्हणाले. आवाजात चोरी पकडल्याची लाज नव्हती, माझ्याबद्दलची कीव होती. “तेंका मीठ कोण देतला?”

तिलापी गोड्या पाण्यातलीच, हे मी शांतपणे सांगायला हवं होतं. पण माझा राग नाकावर, तो घरात सगळ्यांना ठाऊक. दोन महिन्यांची मेहनत करपलेली समोर दिसत होती. मी म्हणाले, “दर्यार जावक जमणा नाय, म्हणान दर्यो घरात आणलात?”

वडिलांनी तांब्या टाकीच्या कडेवर ठेवला. भिंत धरत धरत ते ओटीवर गेले आणि रस्त्याकडे तोंड करून बसले.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “ते काठयेशिवाय चलत होते गो.”

खरंच की. त्यांचा चालता हात एकच. त्यात तांब्या धरला, म्हणजे काठी घरी ठेवली. डॉक्टरांनी आणि आम्ही सहा महिने घसा कोरडा केला तरी जो माणूस फाटकाबाहेर पाऊल टाकत नव्हता, तो रोज आपल्या पायांनी समुद्रापर्यंत जाऊन येत होता. भरला तांब्या घेऊन, न सांडता. आणि मला दिसला तो फक्त माठ. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी लाज वाटली, तेवढी नंतर कधी वाटली नाही.

मी पाणी बदललं, पुन्हा बी पेरलं. खाणं घालायचं काम तुमचं, असं वडिलांना सांगून पाहिलं. ते परसात फिरकलेच नाहीत. माफी मागायची म्हणून तीनदा ओटीवर जाऊन बसले आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं बोलून उठले. आमच्याकडे बापाची माफी कशी मागतात ते कुणी कुणाला शिकवलेलं नाही.

मे महिन्यात लोडशेडिंगने कहर केला. एरवी तीन-चार तास जाणारी वीज एका दिवशी सकाळीच गेली. मी ओरोसला, आई बाजारात. पंप बंद म्हणजे धार बंद, आणि धार बंद म्हणजे पाण्यातली हवा संपत जाणार. कचेरीतले पंखे थांबले तेव्हाच माझं लक्ष उडालं. संध्याकाळची एसटी नेमकी उशिरा आली. आता टाकीत चाळीस पांढरी पोटं तरंगताना बघायची, अशी मनाची तयारी करून मी घरी पोचले. फाटकाशीच आई भेटली, पाटी डोक्यावर.

परसात वडील स्टुलावर बसले होते. डाव्या हातात तोच तांब्या. टाकीत बुडवायचा, हात जाईल तेवढा उंच न्यायचा, आणि धार सोडायची. बुडवायचा, उंच न्यायचा, सोडायची. सदरा पार भिजला होता. शेजारीण कुंपणावरून सांगत होती की अकरापासून हे असंच चाललंय, जेवले नाहीत, मी करते म्हटलं तर तांब्या देईनात. मासे तोंडं वर काढून हवा गिळत होते, ते त्यांनी पाहिलं होतं, आणि काय करायचं ते त्यांना कुठल्या कागदावरून वाचावं लागलं नव्हतं. मी तांब्या घ्यायला हात पुढे केला. त्यांनी मान हलवली. दिवे आले, पंप घरघरला, तेव्हाच तो हात खाली आला.

सहा मासे गेले होते. चौतीस वाचले.

आईने ते सहा उचलले, आणि बाजारात करते तसे एकेकाचे कल्ले उघडून पाहिले. लालभडक होते, आत्ताच गेलेले. तिने वडिलांना पडवीत नेऊन स्टुलावर बसवलं, तिथली जमीन पाण्याने पुसली, आणि रापणीनंतर वाळूवर पाडतात तसे मासे मांडले. दोन, दोन आणि दोन. तीन वाटे. एक वाटा तिने वडिलांच्या पायांपुढे सरकवला.

वडिलांनी त्याला हात लावला नाही.

“आज दोर कोणी धरल्यान?” आई म्हणाली. “घेवा.”

ते सावकाश खाली वाकले. दोन्ही मासे एकदम धरायला हात पुरेना, म्हणून एक उचलला, निरखून पाहिला आणि मांडीवर ठेवला. मग दुसरा उचलला आणि माझ्या वाट्यात आणून ठेवला.

“ह्यो त्या माठाचो,” ते म्हणाले.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. माफी मला मागायची होती, आणि भरपाई देऊन मोकळे झाले ते.

आईने तिरफळं घालून माशांचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, केलं. खरं सांगायचं तर तिलापीला मातकट वास येत होता. आपल्या पाटीत असला मासा आपण ठेवणार नाही, असं आई म्हणाली. वडिलांनी डोक्यासकट खाल्ला, काटे चोखून ताटाच्या कडेला एका ओळीत लावले, आणि आठ-नऊ महिन्यांनी प्रथमच आणखी भात मागितला.