डब्बीत भरलेला गळा

माझ्या धंद्याला धड नाव नव्हतं. चामोर्शीच्या बाजारात लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं, आणि लग्न असो, जयंती असो की शाळेचं गॅदरिंग, माझे पोंगे झाडावर चढलेले असायचे. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मी हळूहळू गायनपार्टीचंही बघायला लागलो. तारखा घ्यायच्या, जीप ठरवायची, पेटीवाल्याची आणि तबलजीची भांडणं सोडवायची, गायिकेला वेळेवर जेवायला घालायचं आणि गावच्या अध्यक्षाचं भाषण आवरतं घ्यायला लावायचं. लोक मला 'मेनेजर' म्हणत. बायको म्हणायची, "लोकायचे गळे राखून राह्यले तुम्ही, घरच्या कोंबड्या कोन राखन?" खोटं नव्हतं ते.

आमच्या पार्टीची गायिका मला सापडली ती धानाच्या बांधीत. रोवणा चालू होता. एका गावाहून पोंगे घेऊन बैलगाडीने परतत होतो, तर चिखलातून असा आवाज आला की मी गाडीवाल्याला थांबवलं. बायकांची ओळ वाकून धान रोवत मागे मागे सरकत होती. एक जण गाण्याची ओळ म्हणे, बाकीच्या ती उचलत. मी बांधीच्या कडेच्या मातीच्या धुऱ्यावर उभा राहून विचारलं, ही गाणारी कोण?

ओळीतली एक म्हातारी कंबर धरून सरळ झाली. "माही सून हाय. काऊन, काई बिघडलं काय?"

मी म्हटलं, बिघडलं काही नाही, पण हा गळा स्टेजवर पाहिजे. म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तिचा स्वतःचा आवाज फुटक्या मडक्यासारखा झाला होता. ती म्हणाली, "माहाई गळा असाच होता, भाऊ. चार गावच्या बाया मले रोवन्याले बलवत. मंग गेला. कोनापाशी नाई आता तो. हिचाई जाईन. तुमच्या त्या डब्बीत भरून ठेवता येते काय?"

डब्बी म्हणजे कॅसेट. मी छातीठोकपणे सांगितलं, "येते की!" बोलायला काय लागतं. तोवर मी कॅसेट फक्त वाजवली होती.

पुढची वर्षं मजेत गेली, हे मी सरळ कबूल करतो. तिचं घर बौद्ध होतं, विहारातली वंदना तिच्या तोंडात होती, आणि रोवण्याच्या चालीवर ती जयंतीची गाणी स्वतः बांधायची. मी तिला माईक कसा धरायचा, श्वास कुठे चोरायचा ते सांगितलं. ती एकदा ऐकायची आणि माझ्यापेक्षा बरं करून दाखवायची. एकच खोड होती. गाताना ती मागे मागे जायची. माईक हातात असल्याने आवाजाला फरक पडत नसे, मी फक्त तिची वायर सोडत राहायचो. चिमूरच्या कार्यक्रमात ती अशीच सरकत सरकत प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर बसता बसता राहिली. लोकांना वाटलं, ही तिची स्टाइल आहे. मलाही तसंच वाटायचं. कलावंत म्हटलं की काहीतरी खूळ असायचंच.

आणि एकदाचा नागपूरचा एक कॅसेटवाला राजी झाला. जयंती तोंडावर होती. त्याने सांगितलं, स्टुडिओ एक दिवस मिळेल, त्या दिवशी झालं तर झालं, नाहीतर विसरा. आम्ही निघालो, तर म्हातारी भाताचा डबा आणि काठी घेऊन जीपमध्ये आधीच बसलेली! सुनेला म्हणाली, "भरताना मी पायनार."

पण तिथे तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. आत गालिचा, बंद दारं आणि स्टँडला घट्ट बसवलेला माईक. मी काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणाऱ्यापाशी बसलो. गाणं सुरू झालं आणि काही वेळातच आवाज विरत गेला. बघतो तर बाई माईकपासून हातभर मागे. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. रेकॉर्डिंगवाला कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे भाऊ, आवाज भागून राह्यला इसका!" हातात माईक द्यायला तो तयार नव्हता. बसून गायला सांगितलं तर तिचा गळा उघडेचना. शेवटी मी माझं डोकं चालवलं. पेटीचं लाकडी खोकं आणून तिच्या पायामागे ठेवलं. आता कुठे जाते बघू!

टाच खोक्याला लागली आणि ती कडव्याच्या मधेच थांबली. कंबरेवर हात ठेवून सरळ झाली.

"काऊन थांबली, बाई?"

"धुरा आला नं, भाऊ." म्हणाली आणि तीच हसायला लागली. टाच धुऱ्याला लागली की बांधी संपते, गाणंही तिथेच सोडायचं असतं. लहानपणापासून तिचे पाय तेवढंच शिकले होते. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मले समजते, भाऊ. पायाले नाई समजत. काय करू?"

ऊन कलायला लागलं होतं. रेकॉर्डिंगवाला घड्याळाकडे आणि मी दाराकडे बघत होतो. बाहेर गेलो तर म्हातारी म्हणाली, "भरला काय?" खरं काय ते सांगून टाकलं. ती भडकली. "मंग मले काऊन इथी बसवलं?" आणि काठी टेकत, कोणालाही न जुमानता, थेट आत. सुनेच्या शेजारी जाऊन उभी राहिली. सुनेने एकदा तिच्या पायांकडे पाहिलं.

गाणं सुरू झालं आणि सून जागची हलली नाही.

मला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. रोवण्याची ओळ मोडत नसते. जिचा हात मागे पडला तिच्यासाठी शेजारणीने थांबायचं, थांबून गात राहायचं, ती आली की सगळ्यांनी मिळून मागे सरायचं. गुडघे धरल्यापासून ओळीत सगळ्यात मागे पडायची ती म्हातारीच. सून कितीतरी रोवणे तिच्यासाठी अशी जागच्या जागी गात थांबली होती. आता म्हातारीने पाय उचलला नाही, म्हणून तिचाही उचलला नाही.

गाण्याची पहिली ओळ संपली आणि सवयीने म्हातारीने ती उचलली. त्याच फुटक्या आवाजात. रेकॉर्डिंगवाल्याने मशीन थांबवायला हात पुढे केला. मी तो मनगटाशी धरला. "चालू दे," म्हटलं, "नाहीतर बघ!" तो बिचारा घाबरला असावा, कारण अख्खी बाजू होईपर्यंत त्याने हात हलवला नाही.

दुसरी बाजूही झाल्यावर कॅसेटवाला ऐकायला आला आणि म्हणाला, बाईचा आवाज फर्स्टक्लास, पण बुढीच्या जागी कोरसच्या पोरी घालाव्या लागतील. सून सासूला आत्या म्हणायची. ती शांतपणे म्हणाली, "आत्याचा काढाचा असन तर माहाई काढा." मग माझी पाळी आली. कलावंताच्या बाजूने भांडणं हेच माझ्या धंद्याचं खरं काम, आणि त्या दिवशी मी ते पोटभर केलं. कॅसेटवाला कंटाळून म्हणाला, जा, राहू दे.

जयंतीला ती कॅसेट गावोगाव वाजली. चामोर्शीच्या बाजारात मी स्वतःच्या दुकानावर लावली, तेव्हा म्हातारी पोंग्याखाली पोत्यावर येऊन बसली. मी ऐटीत विचारलं, "भरला नं गळा?"

"हिचा भरा म्हनलं होतं. माहा काऊन भरला?" असं रागाने म्हणाली आणि हलली मात्र नाही. दोन्ही बाजू संपल्यावर म्हणाली, "उलटव गा. पुन्हा लाव."

काही वर्षांनी म्हातारी गेली. सुनेचं तोवर बरंच नाव झालं होतं, आलापल्लीपासून बोलावणी येत, पण रोवण्याला ती घरच्या बांधीत असायचीच. त्या पावसाळ्यात तारखा ठरवायला मी धुऱ्यावर गेलो, तर तिथे पॉलिथिनमध्ये गुंडाळलेला टेपरेकॉर्डर चालू होता. तेच गाणं आलं. तिने हातातलं रोप लावलं आणि ती जागीच वाकून राहिली. शेजारच्या बायाही थांबल्या. टेपमधून म्हातारीने ओळ उचलली, आणि मग सगळ्या मिळून एक पाऊल मागे सरल्या.