गुरुजींच्या गाडीचं कव्हर

मोटारीच्या इंजिनाखाली जे काळं प्लॅस्टिकचं कव्हर असतं, त्याच्यावर जव्हारला आमच्या शेजारी राहणाऱ्या गुरुजींइतकी माया साऱ्या पृथ्वीतलावर दुसऱ्या कुणी केली नसेल. लोक गाडी घेताना रंग बघतात, गाणी वाजतात का बघतात. गुरुजींनी जुनी गाडी घेतली तेव्हा ते भर रस्त्यात मांडी घालून बसले आणि मान वाकडी करून त्यांनी आधी गाडीखाली पाहिलं. कव्हर जागेवर होतं. सौदा पक्का झाला.

पुढे ते जागेवर फारसं राहिलं नाही. मोखाड्याच्या रस्त्याला खड्डे लागले की ते लोंबायला लागायचं आणि सूर्यमाळच्या चढावर गळून पडायचं. आमचा मेकॅनिक कपाळाला हात लावायचा. "काढून टाका ना गुरुजी! त्याच्याबिगर काय गाडी चालायची थांबत नाय."

"बनियनवाचूनही माणूस चालतोच," गुरुजी म्हणायचे. "मग तू का घालतोस?"

मग चिखल कसा उडतो, गवत कसं अडकतं, कंपनीला वेड लागलं होतं का, हे सगळं व्याख्यान व्हायचं. ते आता मलासुद्धा तोंडपाठ आहे. शेवटी तार, सुतळी, जे हाताला लागेल त्याने कव्हर पुन्हा बांधलं जायचं, ते पुढच्या चढापुरतं.

पण ते हरवायचं मात्र कधीच नाही. गुरुजींनी सूर्यमाळकडच्या आश्रमशाळेत उभी हयात काढली, त्यामुळे त्या वाटेवरच्या एकूण एक पाड्यात त्यांच्या हातचा मार खाल्लेलं कुणी ना कुणी आहेच. फोन यायचा, "गुरुजी, तुमच्या गाडीचा काळा पत्रा आमच्या बांधाला पडला व्हता. ठेवलाय." की गुरुजी निघाले! एकदा एका जुन्या विद्यार्थिनीने त्याच्यावर मोहाची फुलं वाळत घातली होती. "आजचा दिस बसा गुरुजी, फुलां सुकू द्या. याच्यावर लय बेस सुकतात," म्हणाली. गुरुजी बसले. नागलीची भाकरी खाल्ली, तिच्या पोरांचे पाढे घेतले, आणि संध्याकाळी घरी आले ते लग्नाहून आल्यासारखे. कुणाची मुलगी नर्स झाली, कुणाची म्हैस व्याली, हे मला रात्री जेवेपर्यंत ऐकावं लागलं. काकू गेल्यापासून त्यांना ऐकवायला दुसरं घरात होतं तरी कोण?

त्यांचा मुलगा नाशिकला असतो. स्वभावाने गुणी आहे. दिवाळीला आला, कव्हराचा सगळा इतिहास ऐकला आणि गाडी घेऊन गेला. परत आणली ती नवं कव्हर, लोखंडी पट्ट्या आणि जाड बोल्ट लावूनच. "आता नाही पडणार, बाबा. आणि एकटे कशाला राहता? गाडी विकून टाका, चला माझ्याकडे."

कव्हर खरंच पडेना. गुरुजी मोखाड्याच्या बाजाराला जायचे आणि गेल्या पावली परत यायचे. फोन वाजेना. ओट्यावर बसून एक दिवस मला म्हणाले, "ताई, नाशिकची हवा म्हणे चांगली असते." या माणसाची मी रोज चेष्टा करते, पण शेजारचं दार बंद दिसणं मला सोसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले.

"काय करताय, गुरुजी?"

"काही नाही. बोल्ट घट्ट आहेत का बघतोय."

पाना उलटा फिरत होता. मी स्कूटर शिकताना एवढं तरी शिकले आहे. खाली बसले आणि निघालेले बोल्ट पदरात धरले. ते आतून म्हणाले, "दोन राहू देतो. अगदीच दारात नको पडायला."

बाजाराच्या दिवशी ते घरी परतल्यावर दुपारी त्यांचा फोन वाजला. भिंतीपलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं, "सापडलं? आलो, आलो! चहा टाक." निघताना त्यांनी माझ्या दाराशी गाडी थांबवली, काच खाली केली आणि मोठ्या गांभीर्याने म्हणाले, "पाहिलंत ना ताई? लोक काहीही म्हणोत. कव्हर लागतंच."

"लागतंच, गुरुजी," मी म्हटलं, आणि गाडी चढाकडे वळेपर्यंत दारातच उभी राहिले.