चिनी स्टिकरवरची आठ अक्षरं

हसणार असाल तर खुशाल हसा, पण आमच्या मामांपुढं तेवढा हा विषय काढू नका!

मामा म्हणजे माझे सासरे. तामलवाडीला आमची द्राक्षबाग, तिथंच पेट्या भरायचं छोटं पॅकहाऊस. आणि मी त्या घरातली कॉम्प्युटरवाली सून. माहेर भूमचं, पाच वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काढली, आता घरूनच काम करते. त्यामुळं टीव्ही बिघडला तरी मलाच हाक, आणि मिक्सर बिघडला तरी मलाच!

तर यंदा पहिल्यांदाच आमचा माल चीनला निघालेला. तिकडच्या खरेदीदार लिन मॅडमनी कळवलं, प्रत्येक पेटीवर फळाचं आणि बागेचं नाव चिनी अक्षरांत पाहिजे, नाहीतर पेटी उतरवून घेणार नाही. सोबत आठ अक्षरांची एक ओळ पाठवली.

"जमंल का गं सूनबाई?" मामांनी विचारलं.

"त्यात काय मामा! दहा मिनिटांचं काम."

ही दहा मिनिटं सकाळी नऊला सुरू झाली. चार वाजता कंटेनर दारात येणार होता.

पेट्यांचा डेटाबेस मीच बनवलेला. डेटाबेस म्हणजे खणाखणांचं कपाट समजा, ज्या त्या खणात जी ती माहिती. मी मॅडमची ओळ त्यात टाकली, स्टिकर काढला. आणि आलं काय? ओळीनं आठ प्रश्नचिन्हं!

मामांनी स्टिकर डोळ्यांजवळ नेला. "हे चिनी लोक एवढं काय इचारायलेत गं?"

"विचारत न्हाईत काही. अक्षरं उमटेनात."

"तसं न्हाय. शंका आसंल त्यांना. माल लई गोड हाय म्हणून लिव की!"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खण केला होता फक्त इंग्रजी अक्षरांच्या मापाचा. चिनी अक्षर त्यात बसेना, म्हणून त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून डेटाबेस मोकळा! मी खण बदलला, रुबाबात दुसरा स्टिकर काढला. पुन्हा आठ प्रश्नचिन्हं!

अहो, येणारच की! मूळ अक्षरं पहिल्याच वेळी गेली, आत उरली ती खरीखुरी प्रश्नचिन्हं. खण मोठा केला म्हणून ती काय चिनी बोलायला लागणार? ती ओळ नव्यानं टाकली असती तर संपलं होतं. पण हे शहाणपण आजचं. तेव्हा मी दिसेल ते सेटिंग बदलत सुटले. आणि दर पाच मिनिटांनी मामा दारात. "झालं का? काय करायलीस?"

एकच्या सुमाराला स्क्रीनवर चिनी उगवलं! मी अक्षरं मोजली. पाहिजे होती आठ, आली आठ. आता याहून मोठा पुरावा कुठला?

मामांनी सगळ्यांना चहा सांगितला. पॅकिंगच्या बायकांवर देखरेख करणाऱ्या कांताबाई स्टिकरवरून बोट फिरवत म्हणाल्या, "बया, रांगोळीच की ही!" बघता बघता चारशे पेट्यांवर स्टिकर लागले. मी ऐटीत एक फोटो लिन मॅडमना पाठवला.

उत्तर आलं, "अक्षरं चिनीच आहेत, पण अर्थ लागत नाही. एकाचा अर्थ ओलावा, एकाचा चिंता. तुमच्या मालाला काही झालंय का?"

मी शहाणी! हे मोठ्यानं वाचून दाखवलं.

द्राक्षवाल्यापुढं ओलावा हा शब्द काढायचा असतो का? मामांचा चेहराच उतरला. "कांताबाई! खोला पेट्या! समद्या!"

"आवो, आत्ताच भरल्यात की!"

"चीनमधनं ओल दिसायलीय त्यांना, आन् तुमाला हितनं दिसंना व्हय?"

चारशे पेट्या उघडल्या. बायका घड उचलून उचलून बघताहेत, मामा पेटीत नाक घालून वास घेताहेत. ओल होती ती फक्त माझ्या कपाळावर.

मी पुन्हा कॉम्प्युटरपुढं बसले. आणि सापडलं! सकाळी चाचणीपुरती मी वेगळी फाईल केली होती. तिच्यात इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता एक मराठी वाक्य टाईप केलं होतं. सेटिंगच्या गोंधळात दोन दोन इंग्रजी अक्षरं जोडून त्यांचं एकेक चिनी अक्षर वाचलं जात होतं. वर मी मॅडमच्या ओळीऐवजी माझीच फाईल आत भरलेली! सोळा इंग्रजी अक्षरांची झाली आठ चिनी.

आणि ते वाक्य कुठलं? मामा सातव्यांदा दारात आले तेव्हा रागानं बडवलेलं, 'मामा डोके खाऊ नका'.

चारशे पेट्यांवर!

मी लिन मॅडमना चूक कळवली. त्यांनी विचारलं, मूळ वाक्य काय होतं? ते मी इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवलं. पण अर्थ कुठल्या तोंडानं सांगू? लिहिलं, "आमच्याकडं वडीलधाऱ्यांना असा नमस्कार करतात."

मग त्यांची मूळ ओळ बदललेल्या खणात नव्यानं टाकली. दोन मिनिटांत सगळं ठीक! मॅडमनी फोटो बघून होकार दिला. मामांना मी एवढंच सांगितलं, "सेटिंग चुकलं होतं, माल चांगलाय." पेट्या पुन्हा भरल्या, जुन्या स्टिकरवर नवे लागले आणि तासभर खोळंबलेला कंटेनर एकदाचा हलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी आभार मानायला मॅडमना व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. भोवती कांताबाई आणि पॅकिंगच्या झाडून सगळ्या बायका. लिन मॅडम पडद्यावर आल्या. त्यांनी हात जोडले, मान लववली, समोरचा कागद बघितला आणि अगदी प्रेमानं, एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या,

"मामा, डोके खाऊ नका!"

कांताबाईंनी तोंडाला पदर लावला. मामांनी एकदा फोनकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"मॅडमचं मराठी लई साफ हाय," ते सावकाश म्हणाले. "कुणी शिकिवलं?"

माझ्या हातून चीनला गेलेलं ते एकच मराठी वाक्य, एकही अक्षर न बिघडता पोचलं होतं!