मी उपटलेली पिसं

आज शाळेत जे झालं, ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

विज्ञान प्रदर्शनासाठी लेकीने डायनासोर केला होता. शहागंजच्या बाजारातून कोंबडीची पिसं आणली, धुऊन चिकटवली. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं आणि ही पिसांवर बादली ओतते! मी भडकले. "डायनासोरला कुठं पिसं असतात?" म्हणत सगळी उपटली. ती पुस्तक दाखवत होती, मी बघितलंही नाही.

आज परीक्षक बाईंनी विचारलं, "पक्षी अशाच डायनासोरपासून आले ना गं? मग पिसं कुठायत?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा कागद सरळ करू लागले.

"राहून गेली, मॅडम," ती म्हणाली.

बाई पुढच्या टेबलाकडे वळल्या.

रिक्षात मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "तिथं का नाही बोललीस, आई?"

तुम्ही बोलला असतात?